जडसंग्रहाबाहेरचं एक टेबल
ठाण्यातल्या शाळांना एका जुन्या हौशी माणसाचं खुलं पत्र

ठाणे शहरातल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, विज्ञानाचे शिक्षक आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

किल्ली सापडायला वीस मिनिटं लागली. यंदा २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आपल्यापैकीच एका शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. रामन यांच्या फोटोला हार झाला, मला शाल-श्रीफळ झालं, दोन मुलींनी छान भाषणं केली. चहा पिता पिता मी म्हटलं, चला, तुमची प्रयोगशाळा बघू. तिथून शोधाशोध सुरू झाली. किल्ली शिपाईमामांकडे नव्हती, क्लार्क रजेवर होते, शेवटी ती विज्ञानाच्या बाईंच्या पर्समध्ये निघाली. कपाटात रोबोटिक्सच्या किटचे खोके ओळीनं रचलेले होते आणि एक सोडला तर सगळ्यांचं प्लास्टिकचं सील जसंच्या तसं. जो एक उघडला होता तो उद्घाटनाच्या फोटोसाठी. त्यात पेन्सिल सेल तसेच राहिले होते. ते फुटून पांढरं-हिरवट पीठ बाहेर आलेलं, आणि त्या पिठानं खालची स्प्रिंग खाऊन टाकलेली.

माझ्या मागून आठवीतला एक मुलगा डोकावत होता. त्यानं हळूच विचारलं, "सर, हे आमचं आहे?"

शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मी निवृत्त झाल्यापासून अशा पाच-सहा शाळा पाहिल्यात आणि कपाटं थोड्याफार फरकानं सारखीच आहेत. बाईंवर माझा राग नाही. जिना उतरताना त्या जे म्हणाल्या, त्यावरूनच हे पत्र लिहायला बसलो. म्हणाल्या, "सर, मला का मुलांना द्यायचं नाहीये? पण उघडलं आणि काही मोडलं, तर रजिस्टरला सही माझी आहे."

हे रजिस्टर म्हणजे जडसंग्रह नोंदवही, आपलं डेडस्टॉक रजिस्टर. नाव फार अचूक ठेवलंय ज्यानं ठेवलं त्यानं.

माझी ओळख थोडक्यात. नौपाड्यात वाढलो, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये चौतीस वर्षं काढली. पदवी नाही, डिप्लोमा आहे. इलेक्ट्रॉनिक्सचं वेड मात्र त्याच्याही आधीचं. सातवीत असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या काकांनी मला एक ओए ७९ डायोड दिला, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, जर्मेनियमचा, काचेच्या नळीतला, गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा. म्हणाले, याला बॅटरी लागत नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे घेतले, मोडक्या सेटमधला गँग, म्हणजे स्टेशन लावायचा भाग, लावला, गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारून एरियल ओढली आणि अर्थिंगसाठी मोरीतल्या लोखंडी नळाला तार गुंडाळली. हेडफोन चोरबाजारातला. रात्री साडेनऊच्या सुमाराला कानात मराठी बातम्या ऐकू आल्या. घरातले दिवे गेले होते त्या वेळी. वडिलांना बोलावून कानाला लावून दिलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वीज कुठून येतेय?"

मालाडच्या मनोऱ्यावरून येत होती. हवेतून. तो हेडफोन हलवण्याइतकी ऊर्जा आमच्या गच्चीवरची तार गोळा करत होती. सिलिकॉनचा डायोड वापरला असता तर बहुधा काहीच ऐकू आलं नसतं, कारण तो सुरू व्हायला साधारण ०.६ व्होल्ट मागतो आणि जर्मेनियमचं ०.२-०.३ व्होल्टमध्ये भागतं. हे मला पुढे चार वर्षांनी पुस्तकात वाचायला मिळालं. पण वाचलं तेव्हा ते लगेच कळलं, कारण तोपर्यंत मी दोन्ही लावून बघितले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काकांनी मला दिलेली एकही वस्तू कुठल्या वहीत नोंदलेली नव्हती. माझा पहिला ट्रान्झिस्टर मी सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून जाळला. एसी १२८, तोही जर्मेनियमचा, उष्णता सोसत नाही बिचारा. काकांनी नुसतं हसून दाखवलं, की पाय पकडीत धरायचा, म्हणजे उष्णता पकडीत जाते आणि आतला जीव वाचतो. दुसरा जाळला तो मात्र पैसे देऊन आणायला लावला. रेल्वेनं ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड, खिशात मोजून पैसे. तिसरा जळला नाही.

तुमच्या प्रयोगशाळेत पहिला जाळायची सोय नाही, म्हणून तिसरा कधी येत नाही.

सोय पैशांअभावी नाही असं कोणी म्हटलं तर मी ऐकणार नाही. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. देशभरात दहा हजार शाळांत या लॅब झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजार जाहीर झाल्या. योजना चांगलीच आहे. ज्या शाळांना ती मिळालेली नाही त्यांच्याकडे देणगीतून आलेली किट असतात. वस्तू येतात. आल्या की नोंद होते, नोंद झाली की जबाबदारी येते, जबाबदारी आली की कुलूप येतं. आणि सेल फुटून किट मेलं तरी वहीत ते जिवंतच असतं, कारण निर्लेखन करायला, म्हणजे वहीतून नाव काढायला, समिती लागते.

हा प्रकार नवा नाही. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांत संगणक नेण्यासाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र निवडलं. ३२ केबी मेमरी. आजच्या मोबाइलनं काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण काय यंत्र होतं! मागे आणि पोटाखाली जोडण्यांची रांगच: चार वाहिन्यांचं ॲनालॉग पोर्ट, शिवाय यूजर पोर्ट, म्हणजे तुमचं स्वतःचं सर्किट बाहेरून जोडा आणि बेसिक या संगणकी भाषेत चार ओळी लिहून दिवा लावा, तापमान मोजा. मुलांनी तारा खुपसाव्यात म्हणूनच केलेलं. माझ्या भाच्याच्या शाळेत तसलं एक आलं होतं. वातानुकूलित खोली, चपला बाहेर, यंत्रावर शिवून घेतलेलं सॅटिनचं कव्हर. आठवड्यातून एकदा मुलांना रांगेनं नेऊन दाखवायचे. भाचा घरी येऊन सांगायचा, "आज माझा नंबर आला होता, मी स्पेसबार दाबला."

इकडे स्पेसबार चालला होता तेव्हा तिकडे ते यंत्र बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन नव्या प्रोसेसरची आज्ञावली बीबीसी मायक्रोवरच, बेसिक भाषेत लिहून तपासत होती. स्टीव्ह फर्बर त्याची अंतर्गत रचना करत होता. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप आली आणि लावताक्षणी चालली. तिचा एक किस्सा मला फार आवडतो. फर्बरनं ती किती करंट घेते ते मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. चिप तर चालतेय! नंतर ध्यानात आलं की तिच्या वीजपुरवठ्याच्या पायाला वीज पोचतच नव्हती. इतर पायांवरून झिरपणाऱ्या करंटवरच ती चालत होती. ती चिप म्हणजे पहिली एआरएम. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तिचंच वंशज आहे. तेच बीबीसी मायक्रो, तोच काळ. एका ठिकाणी त्याच्यावर पुढची चाळीस वर्षं शिजत होती, आणि आपण त्याला कव्हर शिवत होतो.

उलटं उदाहरणही द्यायला हवं, आणि ते परदेशातून आणायची गरज नाही. आपल्या शेजारचं आहे, कल्याणचं. ठाण्यातल्या किती मुलांना ठाऊक असेल, की भारतातली रेडिओ खगोलशास्त्राची एक मोठी सुरुवात कल्याणला झाली? गोविंद स्वरूप तरुणपणी ऑस्ट्रेलियात काम करत होते. तिथं सिडनीजवळ पॉट्स हिलला सहा फुटी ३२ डिश सूर्याचा अभ्यास करून निकामी झाल्या होत्या, म्हणजे मोडलेल्या नव्हत्या, तिथल्या लोकांना आता नको होत्या. त्या भारताला मिळाल्या. जहाजानं आल्या आणि दिल्लीत काही वर्षं तशाच राहिल्या. स्वरूप अमेरिकेतून परतले, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि १९६५ मध्ये त्या ३२ डिश कल्याणला उभ्या राहिल्या. ६१० मेगाहर्ट्झवर त्या सूर्य ऐकू लागल्या. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंवर तरुण पोरांची टोळी हात साफ करून घेत होती. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, स्वरूपांच्याच नेतृत्वाखाली उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. ही दुर्बीण बघायला तुम्ही सहली नेता, उत्तम करता. जाताना माळशेजच्या वाटेनं जात असाल तर कल्याण लागतंच. बसमध्ये एवढं सांगा.

तर माझी मागणी. एकच आहे. प्रत्येक शाळेत एक टेबल असं ठेवा, ज्यावरची कुठलीही वस्तू जडसंग्रह नोंदवहीत नसेल. त्यावर फक्त बिघडलेलं सामान यावं, पालकांनी आणलेलं, शिक्षकांच्या घरचं, ऑफिसातलं नाही. जे आधीच मेलेलं आहे ते मारल्याचा ठपका कोणावर येत नाही, बाईंच्या सहीचा प्रश्न मिटतो. खर्चाचं म्हणाल तर दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, एक पकड, एक भिंग आणि एक साधा डिजिटल मीटर. विज्ञान दिनाला पाहुण्यांना शाल देऊ नका, त्या पैशांत भागेल. माझ्याकडे शाली पुष्कळ झाल्यात.

टेबलावर काय येईल? माउस येईल. आपल्याला वाटतं नुसतं एक बटण आहे. उघडला की कळतं, पोटात एक चिमुकला कॅमेरा आहे आणि तो सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढून एकाला दुसऱ्याशी ताडून पाहतो, त्यावरून हात किती सरकला ते ठरवतो. जुनी हार्ड डिस्क येईल, तिची तबकडी आरशासारखी, चुंबक असा की कपाटाला चिकटला तर दोघांनी ओढावा. सीडी ड्राइव्ह आता भंगारवालासुद्धा नाखुशीनं घेतो, पण त्यातली छोटी मोटर आणि रूळ बघण्यासारखे असतात. आणि सीडी फेकू नका! तिच्यावरच्या खुणांच्या ओळी एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर असतात, म्हणजे मिलिमीटरला ६२५. वर्गाच्या ट्यूबलाइटखाली तिरकी धरा, मग एलईडीखाली धरा. ट्यूबच्या प्रकाशात रंगांचे वेगळे वेगळे पट्टे दिसतात, एलईडीचा पट्टा सलग दिसतो. रामन आयुष्यभर वर्णपट बघत होते. हारापेक्षा हे त्यांना जास्त आवडलं असतं, असा माझा आपला अंदाज.

नऊ वॅटचा एलईडी बल्ब तर प्रत्येक घरात महिनाआड एक मरतो. वरची पांढरी टोपी निघते, आत ॲल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे ठिपके. भिंगातून बघा, एका ठिपक्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग सापडेल. ठिपके दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एक गेला की सगळी माळ गेली. सिरीज आणि पॅरलल दहावीच्या पोरांना पाठ असतं, पण मी विचारलं की मग बल्ब पूर्ण का जातो, तर शांतता. हे फक्त मेलेल्या बल्बवर करायचं, उघड्याला वीज कधीच द्यायची नाही. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे ठिपक्यांना वीज पुरवणारं सर्किट, बऱ्याचदा घरच्या २३० व्होल्टपासून वेगळा केलेला नसतो.

इथे पालक सभेत हात वर होणार ते मला दिसतंय. शॉक लागला तर? बरोबर आहे, भीती खोटी नाही. म्हणून काही गोष्टी त्या टेबलावर येताच कामा नयेत. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही नको, त्याच्या नळीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही राहू शकतो. मायक्रोवेव्ह ओव्हन अजिबात नको, त्यातल्या कंडेन्सरनं, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागानं, शिकलेले मेकॅनिक मारलेत. सीएफएल नको, त्यात पारा आहे. फुगलेली मोबाइल बॅटरी दिसली तर तिला हातही लावू नका, ई-कचरा घेणाऱ्याला द्या. संगणकाचा पॉवर सप्लाय मोठ्यांनीही जपून. त्यातल्या मोठ्या कंडेन्सरवर २३० गुणिले वर्गमूळ दोन, म्हणजे ३२५ व्होल्ट बसलेले असतात. (वर्गमूळ दोनचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या मुलासाठी हे उत्तर मी राखून ठेवलंय.) बाकी जे मुलं स्वतः चालवून बघतील ते सगळं ५ व्होल्टवर, सेलवर. सोल्डरिंग मोठ्यांच्या देखत, खिडकी उघडी ठेवून, नंतर साबणानं हात धुऊन, कारण जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

दुसरा हात वर होईल तो वेळेचा. अभ्यासक्रम, चाचण्या, शिष्यवृत्ती. यावर माझ्याकडे उत्तर नाही, शनिवारी दुपारी शाळा रिकामी असते एवढंच माहीत आहे.

तिसरी शंका हल्ली नवीन निघालीय: एआय सगळं सांगतं, मग हात कशाला काळे करायचे? मीही वापरतो हो ते, म्हातारा असलो तरी. परवाच नातवानं विचारलं, ५ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा तर रेझिस्टर किती? त्यानं फोनवर उत्तर काढलं, मी कागदावर. एलईडी २ व्होल्ट खाते, उरले ३, करंट १५ मिलिअँपिअर हवा, म्हणजे २०० ओहम. बाजारात मिळतो २२०. दोघांचं उत्तर जुळलं. एलईडी लागली नाही. फोननं आठ कारणं सांगितली, सगळी बरोबर. नातवानं अर्धा तास घालवून नववं शोधलं: सोल्डर वरून चकचकीत दिसत होता पण तार आत नुसती टेकलेली होती, बोटानं दाबली की दिवा लागायचा. ड्राय सोल्डर. हे बोटाला कळलं, आणि आता त्याला ते जन्मभर कळेल.

परवा ऐरोली पुलावरून जाताना त्यालाच विचारलं, तुमचं ते क्लाउड कुठे असतं? त्यानं वर बोट दाखवलं, चेष्टेनं असेल. मी समोर दाखवलं. माझ्या नोकरीच्या काळात ज्या पट्ट्यात धुराडी होती तिथे रबाळे, महापेला आता बिनखिडक्यांची डेटा सेंटर उभी आहेत. क्लाउड खाडीपलीकडे आहे, तिथे डिझेल जनरेटर आहेत, थंड हवेची प्रचंड यंत्रं आहेत, आणि ती बिघडतात. सेमीकंडक्टरच्या नव्या कारखान्यांच्या बातम्या तर रोजच येतात. या सगळ्यांना माणसं लागणार. आपल्या मुलांनी तोपर्यंत एक तरी वस्तू उघडलेली असावी, इतपतच माझा हट्ट आहे.

तेव्हा ज्या शाळेला हे टेबल मांडायचं असेल तिनं मला कळवावं; नौपाड्यात विचारलं तर कोणीही घर दाखवेल. शनिवारी दुपारी दोन तास मी यायला तयार आहे, मानधन नको, नारळही नको. सुरुवातीला दहाच मुलं द्या, निम्म्या मुली असाव्यात, आणि त्यांतली सगळी हुशार निवडू नका. त्या आठवीतल्या मुलाला आधी घ्या. त्याच्या शाळेला आपण कोण ते कळलेलं असेलच.

मीटर माझाच आणीन, काट्याचा जुना मोटवाने. त्याची काच १९९१ पासून तडकलेली आहे, त्यामुळे पडला तरी चालेल.

आपला,
नौपाड्यातला एक रेडिओवेडा